मोटारसायकलचे जखडणारे चाक आणि जखड-प्रतिबंधक ब्रेक

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की, नांदेडहून लोहा, अहमदपूर व चाकूर या मार्गाने लातुरास जाणाऱ्या रस्त्याचे स्वरूप काही दिवस पालटून जाते. शेतातून बाहेर पडणारा प्रत्येक ट्रॅक्टर आपल्या चाकांच्या खाचांतून काळी माती वाहून आणतो आणि बांधापासून दोन-तीनशे पावलांपर्यंत डांबरावर तिचे थर टाकीत जातो. ऊन असताना ह्या थराची नुसती धूळ होते. पाऊस पडताच त्याच धुळीचे वंगण बनते. मराठवाड्यातील ही माती बेसाल्ट खडकाच्या विघटनापासून तयार झालेली असून तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटाच्या चिकण खनिजांचे प्रमाण मोठे असते. ह्या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, ते फुगतात आणि एकमेकांवरून सहज सरकू लागतात. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी जमीन पावसाळ्यात पाय घसरवते, याचे कारण हेच. मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हा निसरडेपणा रस्त्यावर सरसकट पसरलेला नसतो. कोरडा डांबरी पृष्ठभाग, मध्येच तीन मीटर चिखलाचा पट्टा, पुन्हा कोरडा रस्ता, असा तो तुटक असतो. सांप्रत बहुतेक मध्यम व मोठ्या मोटारसायकलींवर बसविण्यात येणाऱ्या जखड-प्रतिबंधक ब्रेकचे, म्हणजे एबीएसचे, कार्य समजून घ्यावयाचे तर ह्या तुटक रस्त्याइतके उत्तम उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

प्रथम ब्रेक म्हणजे काय करतो, हे नेमके सांगितले पाहिजे. ब्रेक गाडीस थांबवितो असे सामान्यतः म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. ब्रेक चाकास थांबवितो. गाडीस थांबवितो तो रस्ता. डिस्कवर अथवा ड्रममध्ये घर्षण होऊन चाकावर उलट दिशेचे परिबल येते. त्यामुळे चाक गाडीच्या वेगाच्या मानाने किंचित हळू फिरू लागते आणि टायर व रस्ता यांच्या स्पर्शस्थानी जो मागे ओढणारा जोर उत्पन्न होतो, तोच गाडीचा वेग कमी करतो. गाडीचा वेग आणि चाकाच्या परिघाचा वेग यांतील फरकास गाडीच्या वेगाने भागले असता जे प्रमाण येते, त्यास घसर-प्रमाण म्हणता येईल. चाक मोकळे फिरत असता ते शून्य असते. चाक पूर्ण थांबून गाडी नुसती घसरत असता ते शंभर टक्के असते. गॅरेजच्या भाषेत ‘चाक जाम झाले’ म्हणतात ती हीच दुसरी अवस्था.

घसर-प्रमाण शून्यापासून वाढू लागले की रस्त्याचा ओढ-जोर प्रथम झपाट्याने वाढतो. सर्वसाधारण डांबरी रस्त्यावर दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास तो कमाल मर्यादेस पोहोचतो आणि त्यानंतर उतरू लागतो. येथवर विषय चारचाकी वाहनास लागू आहे तसाच दुचाकीसही लागू आहे. परंतु टायरला आणखी एक काम करावयाचे असते. गाडीस आडव्या दिशेने सरकू न देणारा जोरही त्यानेच द्यावयाचा असतो, आणि तो घसर-प्रमाण वाढेल तसा सतत घटतच जातो. चाक पूर्ण जखडले की आडवा आधार जवळजवळ नाहीसा होतो. घसरणारे चाक ज्या दिशेने घसरत असते तिच्या नेमक्या उलट दिशेनेच घर्षण कार्य करते, हँडल कोणत्या बाजूस वळविले आहे याची त्यास पर्वा नसते. मोटारीचे पुढचे चाक जखडले तर ती वळत नाही, सरळ जाते, एवढाच तोटा. मोटारसायकल मात्र उभी राहते तीच मुळी पुढच्या चाकाच्या सूक्ष्म व अखंड वळण्यामुळे. तोल ज्या बाजूस जाईल त्या बाजूस चाक किंचित वळवून स्वार, बहुधा नकळत, तो सावरीत असतो. चाकाचा आडवा आधार गेला की सावरण्याचे साधनच गेले. म्हणून जखडलेले पुढचे चाक ही मोटारीत गैरसोय असते, मोटारसायकलवर ते पडणे असते.

मागचे चाक जखडले तर प्रकार निराळा होतो. गाडीचे शेपूट एका बाजूस सरकते. पण पुढच्या चाकाचा आधार शाबूत असल्याने सरावलेला स्वार ती अवस्था काही क्षण सांभाळू शकतो. धोका असतो तो शेपूट आडवे झालेले असता ब्रेक एकदम सोडण्यात. तसे केल्यास मागचे चाक अकस्मात पकड घेते आणि गाडी स्वारास उलट्या बाजूने वर फेकून देते.

आता भाराचा विचार करावयास हवा, कारण पुढच्या ब्रेकविषयीची सार्वत्रिक भीती व तिचे दुष्परिणाम ह्या विचारावाचून कळत नाहीत. गाडी व स्वार मिळून २२० किलोग्रॅम वस्तुमान, गुरुत्वमध्याची जमिनीपासून उंची ०·६५ मीटर, दोन चाकांच्या आसांतील अंतर १·३ मीटर, आणि स्थिर असता दोन्ही चाकांवर निम्मा-निम्मा भार, असे नमुन्याचे आकडे धरावे. ब्रेक लावताच निरूढीमुळे भार पुढे सरकतो. गुरुत्व त्वरणाच्या ०·८ पट मंदन होत असेल, तर एकूण वजनाच्या ४० टक्के भार मागून पुढे जातो. म्हणजे पुढच्या चाकावर ९० टक्के आणि मागच्यावर अवघा १० टक्के. ०·८ घर्षणगुणांकाच्या कोरड्या रस्त्यावर थांबविण्याच्या कामापैकी नऊ-दशांश काम, मग, पुढच्या चाकाने करावयाचे असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी अशी गाडी दोन्ही ब्रेक पुरेपूर वापरल्यास सुमारे १८ मीटरांत थांबू शकते. केवळ मागचा ब्रेक वापरल्यास तिला सुमारे ५० मीटर लागतात. घर्षणगुणांक ०·३ पर्यंत उतरलेल्या चिखलट रस्त्यावर हेच अंतर दोन्ही ब्रेकांनी ४७ मीटर व फक्त मागच्या ब्रेकने सुमारे १०९ मीटर होते. ह्यात स्वाराचा प्रतिसादकाल धरलेला नाही. तो एक सेकंद मानला तर प्रत्येक आकड्यात आणखी १७ मीटर मिळवावे लागतील.

‘पुढचा ब्रेक दाबू नये, गाडी पालथी होते’ हा उपदेश खेडोपाडी गाडी शिकणाऱ्या प्रत्येक मुलास मिळतो. तो सर्वस्वी निराधार आहे असे नव्हे. ओल्या रस्त्यावर पुढचे चाक जखडून पडलेल्यांचा अनुभव त्यामागे आहे. मात्र वरील आकडे पाहिले म्हणजे ह्या उपदेशाची किंमत कळून येते. तो पाळणारा स्वार कोरड्या रस्त्यावरही चिखलात दोन्ही ब्रेक लावणाऱ्यापेक्षा अधिक अंतर घेतो. एका अपघातापासून वाचण्यासाठी तो दुसऱ्यास जवळ करीत असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४·५, दुचाकीवरील होती. ह्यांपैकी किती मृत्यू ब्रेकच्या अपुऱ्या वा अवास्तव वापराने झाले हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. पण प्रश्न किरकोळ नाही एवढे निश्चित ठरते.

चाक किती वेळात जखडते? कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वरील नमुन्याच्या गाडीचा स्वार गुरुत्व त्वरणाच्या ०·६ पट मंदन होईल इतका ब्रेक लावून आहे आणि पुढचे चाक एकाएकी चिखलाच्या पट्ट्यावर आले, असे समजावे. चाकाची त्रिज्या ०·३ मीटर व निरूढी परिबल ०·४ किलोग्रॅम-वर्गमीटर धरले, तर ब्रेकचे परिबल सुमारे ३११ न्यूटन-मीटर असते. पुढच्या चाकावरील भार त्या क्षणी पूर्वीइतकाच राहिला असे मानले, तरी चिखलाकडून मिळू शकणारे उलट परिबल सुमारे १५५ न्यूटन-मीटरच असते. उरलेले १५६ न्यूटन-मीटर चाकास थांबविण्यात खर्च होतात. सेकंदास ५५·६ रेडियन ह्या कोनीय वेगाने फिरणारे चाक अशा स्थितीत सुमारे ०·१४ सेकंदात पूर्ण थांबते. तेवढ्या अवधीत गाडी २·४ मीटर पुढे गेलेली असते. तीन मीटरांचा पट्टा ओलांडावयास ०·१८ सेकंद लागतात. म्हणजे पट्टा संपण्यापूर्वीच चाक जखडलेले असते. मनुष्याने पट्टा पाहून, चाक थांबल्याचे ओळखून बोटे सैल करावी म्हटले तर ह्याच्या कित्येक पट वेळ हवा. कौशल्य कमी पडते असे नव्हे. मज्जासंस्थेची गतीच ह्या कामास पुरी पडत नाही. यंत्राची गरज येथे उत्पन्न होते.

अशा यंत्राची कल्पना विमानविद्येतून आली. धावपट्टीवर उतरताना विमानाचे चाक जखडून टायर फुटू नये म्हणून डनलॉप कंपनीने मॅक्सरेट नावाची यंत्रणा बनविली. तिचे तत्त्व अगदी साधे होते. चाकाबरोबर एक लहान जडचक्र फिरत असे. चाक एकदम मंदावले की जडचक्र आपल्या निरूढीमुळे पूर्वीच्याच गतीने पुढे जाऊ पाही, त्यातून एक झडप उघडे आणि ब्रेकमधील दाब उतरे. चाकाने पुन्हा वेग घेतला की झडप मिटे. १९५८ साली इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ही यंत्रणा रॉयल एन्फील्डच्या सुपर मिटिऑर मोटारसायकलवर बसवून पाहिली, आणि निसरड्या पृष्ठभागावर थांबण्याचे अंतर लक्षणीय कमी होते असे तिला आढळले. तरीही ती गाडी बाजारात आली नाही; यंत्र जड होते, महाग होते, आणि त्याची गरज कारखानदारास पटली नव्हती. मोटारसायकलवर विजकीय एबीएस प्रत्यक्ष विक्रीस आले ते १९८८ साली, बीएमडब्ल्यूच्या के-१०० मालिकेत. त्या यंत्रणेचे वजन सुमारे अकरा किलोग्रॅम होते. पुढे दोन दशकांत ते एका किलोग्रॅमच्याही खाली आले आणि मगच लहान गाड्यांवर एबीएस बसविणे शक्य झाले. भारतीय बनावटीच्या गाडीवर ते प्रथम २०११ साली टीव्हीएसच्या अपाची आरटीआर १८० मध्ये आले.

आजच्या यंत्रणेत जडचक्राची जागा मोजणीने घेतली आहे. चाकाच्या आसाजवळ छिद्रे अथवा दाते असलेले एक कडे बसविलेले असते आणि त्यासमोर, अगदी थोड्या फटीवर, चुंबकीय संवेदक असतो. दाता व खाच आळीपाळीने समोरून गेले की संवेदक एकेक विद्युत् स्पंद देतो. कड्यास चाळीस दाते असतील तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला सेकंदात सुमारे ३५० स्पंद मिळतात. ह्या स्पंदांमधील अंतरावरून नियंत्रक चाकाचा वेग व त्या वेगातील बदल सतत काढीत असतो.

येथे एक अडचण आहे आणि ती फार मनोरंजक आहे. घसर-प्रमाण काढावयास चाकाच्या वेगाबरोबर गाडीचा खरा वेगही हवा. परंतु गाडीपाशी तो मोजण्याचे साधन चाकांवाचून दुसरे नाही, आणि चाके तर घसरत असण्याचा संभव आहे. ज्याची साक्ष संशयास्पद आहे त्याच्याच साक्षीवरून निवाडा करावयाचा, असा हा प्रसंग असतो. यावर योजिलेला उपाय भौतिकीचाच आहे. रस्त्याचे घर्षण कितीही चांगले असले तरी गाडीचे मंदन गुरुत्व त्वरणाच्या फार पलीकडे जाऊ शकत नाही. वरील उदाहरणात चाकाच्या परिघाचे मंदन सेकंदास सुमारे ११७ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ बारा पट होते. गाडी अशी मंदावणे अशक्य. म्हणजे चाकच जखडत आहे, असा निष्कर्ष नियंत्रक काढतो आणि गाडीच्या वेगाचा अंदाज चाकाच्या आकड्यावरून न घेता, शक्य त्या मंदनाने उतरणाऱ्या एका कल्पित रेषेवरून घेतो. दोन्ही चाकांवर संवेदक असतील तर त्यांची तुलना करून हा अंदाज अधिक विश्वसनीय होतो.

निष्कर्ष निघताच काम झडपांचे. हँडलवरील मुठीपासून ब्रेककडे जाणाऱ्या द्रवमार्गावर दोन झडपा असतात. एक एरवी उघडी असते व दाब आत जाऊ देते. दुसरी एरवी बंद असते व उघडली असता दाब बाहेर सोडते. चाक जखडू लागताच पहिली मिटते. स्वाराने मूठ कितीही आवळली तरी दाब तेथून पुढे वाढत नाही. तेवढ्याने न भागल्यास दुसरी उघडते, थोडा द्रव एका लहान साठवणीत उतरतो, ब्रेकची पकड सैल होते आणि रस्ता चाकास पुन्हा फिरवू लागतो. चाकाने वेग घेतला की दुसरी मिटून पहिली थोडीथोडी उघडते व दाब पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. बाहेर पडलेला द्रव पंप परत मूळ मार्गात ढकलतो. मुठीत जाणवणारी थरथर ह्या सर्व हालचालींची असते. नवख्या स्वारास ती बिघाडाची खूण वाटते व तो मूठ सोडून देतो. ह्याहून मोठी चूक नाही. हे चक्र सेकंदात अनेक वेळा फिरते. तीन मीटरांच्या चिखलाच्या पट्ट्यावर त्याची एक किंवा दोनच आवर्तने होतात, पण चाक फिरते ठेवावयास ती पुरतात. चाक फिरतच कोरड्या रस्त्यावर पोहोचते आणि ब्रेकचा दाब परत चढतो. जखडलेले, किंचित वाकडे झालेले चाक एकदम कोरड्या डांबरावर आले असता बसणारा हिसका टळतो. अपघाताचे कारण बहुधा चिखलाइतकाच हा हिसकाही असतो.

एबीएस घर्षण निर्माण करीत नाही, हे मात्र विसरता कामा नये. ०·३ घर्षणगुणांकाच्या रस्त्यावर ४७ मीटर लागावयाचे ते लागणारच. खडी व मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर तर उलटाच परिणाम दिसतो. तेथे जखडलेले चाक आपल्यापुढे खडीचा लहानसा ढीग लोटते व तो ढीगच गाडीस अडवितो. चाक फिरते ठेवल्याने तो फायदा जातो व थांबण्याचे अंतर वाढते. म्हणूनच कच्च्या रस्त्यासाठी बनविलेल्या काही गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय असते. वळणावरही मर्यादा आहे. गाडी ३० अंशांनी कललेली असता तिला वजनाच्या ०·५८ पट आडवा जोर हवा असतो. घर्षणगुणांक ०·८ असला तर ब्रेकसाठी सुमारे ०·५५ एवढेच शिल्लक राहते. साध्या एबीएसला गाडी कलली आहे याची जाणीव नसते. कल मोजून ब्रेकचा दाब ठरविणारी यंत्रणा निघाली आहे, आणि २०२० साली बाजारात आलेल्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरसारख्या, पुण्याजवळ चाकण येथे बनणाऱ्या गाडीवर ती आहे. पण तिचा प्रसार अद्याप थोडा आहे.

भारतात १२५ घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकींवर एबीएस सक्तीचे झाले. नव्या नमुन्यांस १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या नमुन्यांस १ एप्रिल २०१९ पासून. त्याखालच्या गाड्यांस एबीएस अथवा संयुक्त ब्रेक यांपैकी एक पुरेल असे त्या नियमाने ठरविले. व्यवहारात स्वस्त पर्याय निवडला गेला, हे सांगावयास नकोच. संयुक्त ब्रेकमध्ये एक ब्रेक दाबला असता दुसऱ्या चाकाचाही ब्रेक काही अंशी लागतो. पुढच्या ब्रेकला भिणाऱ्या स्वाराच्या हातून तो नकळत लागावा, हा त्याचा खरा उपयोग. आणि १८ विरुद्ध ५० मीटरांचा हिशेब पाहता तो लहान नाही. पण चाक जखडते आहे की नाही हे संयुक्त ब्रेकला कळत नाही. विक्रेत्याच्या बोलण्यात दोन्ही यंत्रणा ‘सेफ्टी ब्रेक’ ह्या एकाच नावाखाली जातात. घेणाऱ्यास त्यांतील भेद समजत नाही. एबीएसच्या सक्तीतही एकाच, म्हणजे पुढच्या, चाकापुरती यंत्रणा चालत असे. पुढच्या चाकाचे जखडणे हेच प्राणघातक असल्याने ही तडजोड समर्थनीय आहे. सीमारेषा १२५ वर ओढण्याचे तितके समर्थन करता येत नाही. औसा किंवा कंधार तालुक्यात दुधाचे कॅन, खताचे पोते वा दोन मुले घेऊन जाणारी गाडी बहुधा शंभर ते सव्वाशे घन सेंटिमीटरचीच असते आणि काळ्या मातीचा पट्टा तिच्याच वाट्यास अधिक वेळा येतो. २०२५ सालच्या जूनमध्ये मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात लहान दुचाकींसही एबीएस लागू करण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला, तो ह्या उणिवेची कबुलीच होय.

उपयोग किती होतो, ह्याविषयी अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षा विमा संस्थेचे अभ्यास वारंवार पुढे केले जातात. एकाच नमुन्याच्या एबीएससह व एबीएसविना गाड्यांची तुलना करून तिने २०१३ साली प्राणघातक अपघातांचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे व नंतरच्या अभ्यासात २२ टक्क्यांनी कमी असल्याचे दाखविले. जेथे एबीएस ऐच्छिक होते तेथे ते घेणारा माणूस स्वभावतःच सावध असण्याचा संभव असतो, ही शंका रास्त आहे. शिवाय ते आकडे मोठ्या गाड्यांचे व पक्क्या रस्त्यांचे आहेत. मराठवाड्यास ते जसेच्या तसे लावणे बरोबर होणार नाही.

येथील परिस्थितीत यंत्राची निगा हाही प्रश्न आहेच. संवेदक व दातेरी कडे यांमधील फट मिलिमीटरच्या हिशेबाची असते. काळा चिखल तेथे साठून वाळला, अथवा टायर काढताना कड्यास मार बसून ते वाकडे झाले, तर स्पंदांची मालिका तुटते, नियंत्रक बिघाड ओळखून स्वतःस बंद करून घेतो आणि फलकावरील पिवळा दिवा लागून राहतो. त्यानंतर ब्रेक साध्या ब्रेकप्रमाणे चालत असल्याने गाडी ‘ठीक’ भासते, आणि दिव्याकडे दुर्लक्ष होते. ब्रेक ऑईल हवेतील बाष्प शोषून घेते. जुन्या द्रवाचा उत्कलनांक उतरतो व झडपांच्या बारीक मार्गांस गंज लागतो. दोन वर्षांनी ते बदलावे असे सांगितलेले असते, पण लिंबगाव किंवा मुरुड येथील गॅरेजात त्याची मागणी गाडी अडल्याखेरीज होत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास येथे करण्याजोगे काम बरेच आहे. वर वापरलेला ०·३ हा आकडा नमुन्याचा आहे. काळ्या मातीच्या थराचा घर्षणगुणांक तिच्यातील पाण्याच्या प्रमाणाबरोबर मोठ्या मर्यादेत बदलतो. अगदी कोरडी माती व पूर्ण धुऊन गेलेला रस्ता ही दोन टोके तुलनेने सुरक्षित आहेत; धोका आहे तो मधल्या अवस्थेत, पहिल्या हलक्या सरीनंतरच्या तासा-दोन तासांत. मातीतील पाणी शेकडा किती असता घर्षण नीचतम होते, थराच्या जाडीचा त्यावर काय परिणाम होतो, आणि ओढ-जोर व घसर-प्रमाण यांच्या वक्राचे शिखर अशा थरावर ठळक राहते की सपाट होते, हे मोजावयास मोठी साधनसामग्री लागत नाही. डांबरी फरशीचा एक तुकडा, त्यावर ज्ञात जाडीचा व ज्ञात ओलाव्याचा मातीचा थर, ठरावीक भाराने दाबलेले मोटारसायकलचे चाक आणि ओढ मोजणारा ताणकाटा, इतक्यावर पहिली मापे घेता येतील. वक्राचे शिखर सपाट निघाल्यास झडपांनी दाब सोडण्याची मर्यादा अशा रस्त्यासाठी निराळी ठेवावी लागेल.